दीड-दीड गोळीची वाटणी

अडकित्त्याचा खट्ट आवाज झाला की गौराबाईच्या काळजाचा एक ठोका चुकायचा. ठोके तिचे तसेही चुकतच असत, त्याला डॉक्टरांनी नावही दिलं होतं. पण हा ठोका चुकायचा तो भीतीनं. गोळी बरोबर मधोमध फुटली तर ठीक, नाहीतर एकीच्या वाट्याला मोठा तुकडा आणि दुसरीच्या वाट्याला चुरा. चुरा झालाच तर गौराबाई बोट ओलं करून तो टिपायची आणि आक्काच्या तळहातावर ठेवायची.

रोजच्या तीन गोळ्या. एक आक्काची, एक स्वतःची आणि तिसरीचे दोन तुकडे. खाली दुकानात चन्नाप्पा गिऱ्हाइकाशी घसा फोडून बोलत असायचा, आणि वर माडीवर त्याची बायको आणि त्याची थोरली भावजय चुलीशी पाठमोऱ्या बसून विलायती औषध सुपारीसारखं कातरत असायच्या. दहा महिने हेच चाललं होतं.

शाहूपुरीत, गुळाच्या बाजारामागच्या गल्लीत चन्नाप्पाचं बारदानाचं दुकान होतं. पोती, सुतळी, दोरखंड. त्या पोत्यांचा कोरडा, नाकात जाणारा वास जिन्यावरून वर यायचा आणि भाकरीलासुद्धा लागायचा. याच घरात गौराबाई चौदाव्या वर्षी गडहिंग्लजहून सून म्हणून आली. तेव्हा आक्कानं, म्हणजे शांतादेवीनं, तिच्या हातातला पहिला लाडू घेऊन मोडला, अर्धा तिच्या तोंडात घातला, अर्धा आपल्या. "या घरात जिन्नस आला की दोन जावांत दोन वाटं. समजलं का तंगी?" तंगी म्हणजे धाकटी बहीण. आक्काचं माहेर पार कर्नाटकात होतं, माया आली की तिची जीभ कानडीत घसरायची. पुढं साडीचोळी असो की चिंचेचं बुटुक, त्या घरात एकटीनं काही घेतलं नाही. डाळ भरडायला दोघी बसल्या की आक्का म्हणायची,

माझ्या घराला दोन जावा, एका ताटाच्या दोन कडा
एकीला लागता ठसका, दुजी पान्याचा भरी घडा

ठसका लागला गौराबाईला. माहेरच्या लग्नात पंगतीतून उठली आणि उजव्या बरगडीखालून अशी कळ निघाली, की पाठीतून खांद्यापर्यंत कुणी तापली सळई ओढावी. त्र्यंबक डॉक्टरांनी तपासलं. पित्ताच्या पिशवीत खडा होता. त्याला ऑपरेशन हा एकच इलाज, आणि तोच गौराबाईला चालणारा नव्हता. लहानपणी सांधे सुजून आलेल्या तापानं तिच्या काळजाची झडप आवळून टाकली होती. "भूल दिली तर या टेबलावरून उठतील, याची हमी मी देऊ शकत नाही," डॉक्टर म्हणाले. मुंबईला नेलं, तिथल्या मोठ्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. खडा तर नळीत अडकायला टपलेला. अडकला की कावीळ, मग ताप, मग जे व्हायचं ते.

तेव्हा ही गोळी निघाली. "नवीन आहे," डॉक्टर म्हणाले, "पित्ताचा गुणच बदलते. पित्त बदललं की खडा त्यात हळूहळू विरघळतो. वर्ष जाईल, दीड वर्ष जाईल. सगळ्याच खड्यांना चालत नाही, पण तुमचा आहे त्या जातीचा." गोळी मिळायची विलायतेत. पलीकडच्या गल्लीतल्या बाळासोचा मेव्हणा तिकडं दवाखान्यात कामाला होता. चन्नाप्पानं बाळासोचे पाय धरायचे तेवढे धरले, आणि तपकिरी काचेच्या बाटल्या येऊ लागल्या.

पहिली बाटली आली त्याच आठवड्यात गौराबाई सुतळीचं बंडल आणायला खालच्या कोठीत गेली. बघते तर पोत्यांच्या थप्पीआड आक्का गुडघे पोटाशी घेऊन पडलेली, पदराचा बोळा दातांत, कपाळ घामानं थबथबलेलं.

"आक्का! काय हुतंय?"

"तुला हुतंय तेच." बोळा काढून आक्का म्हणाली. "सात वर्सं झाली. मी म्हनायची वायगोळा हाय. तू लोळाय लागलीस तवा कळलं, ही कळ आपल्या वळखीची हाय."

"मग डॉक्टरकडं चला की!"

"आन् पोट फाडून घिऊ? तुझ्या थोरल्या दिरागत?" आक्काचा नवरा विरूपाक्ष पंधरा वर्षांमागं परगावच्या दवाखान्यात पोटाच्या ऑपरेशनला गेला होता. परत आला तो चौघांच्या खांद्यावर. "कुनाला सांगायचं न्हाय. माझ्या गळ्याची आन घे. बोललीस तर मी मेले म्हनून समज."

गौराबाईनं आक्काच्या गळ्याला हात लावून आण घेतली. आणि दुसऱ्या दिवशी गोळी पुढं केली. आक्का आधी नको नको म्हणाली. मग तिचा तळहात आपसूक पुढं आला.

गौराबाईला यात काही वावगं वाटलं नाही. चुलीपुढं वाढलेलं तिचं शहाणपण. आच निम्मी केली तर डाळ शिजायला दुप्पट वेळ लागतो, पण शिजते. औषध निम्मं झालं तर दीड वर्षाची तीन वर्षं होतील. होऊ देत. दोघी मिळून बऱ्या होऊ.

आज दहा महिन्यांनी फोटो होता. पित्ताची पिशवी फोटोत उमटावी म्हणून आदल्या संध्याकाळी रंगाच्या गोळ्या खाऊन, सकाळी उपाशीपोटी एक्स-रे काढून, नवराबायको डॉक्टरांच्या खोलीत बसली होती. डॉक्टरांनी जुना फोटो उजेडावर लावला, शेजारी नवा. पांढऱ्या पिशवीत एक काळं भोक. तो खडा. दोन्ही फोटोत हुबेहूब तेवढाच.

बराच वेळ डॉक्टर पट्टीनं मोजत राहिले.

"गोळ्या वेळेवर घेता?"

"एक बी चुकली न्हाय, डॉक्टरसाहेब," चन्नाप्पाच बोलला. "माझ्या देखत बाटल्या रिकाम्या हुत्यात."

"पोट बिघडतं? पातळ होतं?"

"न्हाय," गौराबाई म्हणाली.

"आश्चर्य आहे. या गोळीनं बहुतेकांचं बिघडतं." डॉक्टरांनी चष्मा काढला. "चन्नाप्पा, स्पष्ट बोलतो. दहा महिन्यांत खडा केसभरही घटलेला नाही. काहींना हे औषध लागू पडत नाही. मग उगाच यकृतावर भार कशाला? बंद करू या."

"बंद करून मग?"

"मग जपायचं. तेल-तूप वर्ज्य. आणि देवावर हवाला."

चन्नाप्पा, गाडीवानांना एका हाकेत गप्प करणारा माणूस, खुर्चीच्या काठावर सरकला. "आसं कसं वो? दुसरं काय आसंल की. जर्मनीचं? अमेरिकेचं? बाळासोच्या मेव्हन्याला तार करतो. डॉक्टरसाहेब, तुम्ही देवावर हवाला म्हनायला लागलासा, तर मी कुनाचं दार वाजवू?" त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली.

गौराबाई मनात तोलू लागली. गप्प बसावं तर औषध आजपासून बंद, आपलंही आणि आक्काचंही. बोलावं तर आक्काच्या गळ्याची आण मोडते, आणि आक्का सुरीखाली जाते. इकडं मरण, तिकडं मरण. एक आपलं, एक तिचं. ती नवऱ्याच्या टोपीकडं बघत राहिली. टोपीची कड मळली होती. धुवायला काढायची राहिली, असं तिच्या मनात आलं, आणि तोंडातून शब्द निघाले ते भलतेच.

"मी निम्मंच खाते."

"काय?"

"दीड गोळी मी खाते. दीड आक्का. त्यास्नी बी हेच दुखनं हाय, सात वर्सं झाली."

डॉक्टरांनी टेबलावर हात आपटला. "बाई, ही काय खिरापत आहे वाटायला?"

"मला वाटलं, निम्म्यानं दुप्पट दिस लागत्याल..."

"दुप्पट दिवस! अहो, मंद आचेवर ठेवलेलं पाणी कोमट होतं आणि कोमटच राहतं. वर्षभर ठेवा, उकळी येते का? या औषधाचंही तसंच. ठराविक मात्रा पोटात गेली तरच पित्त बदलतं. त्याखाली घेतलंत ते न घेतल्यासारखं. तुम्हा दोघींनाही!"

चन्नाप्पा हसला की रडला ते त्यालाच कळलं नसेल. "मी बाळासोच्या मेव्हन्याला देवागत पुजतोय, आन् तुम्ही दोघी सुपारीगत कातरून खाताय!" मग एकदम मऊ होऊन, "वैनीला? सात वर्सं? आन् मी खालीच हुतो की गं."

डॉक्टरांनी विचारलं, बाटल्या किती उरल्यात. चार. पूर्ण मात्रेत चार महिन्यांच्या. लागणार किमान वर्षभराच्या, आणि पुढच्या मिळतील की नाही ते बाळासोच्या मेव्हण्याच्या पत्रावर. "आजपासून तीनच्या तीन तुम्ही. एक कण कुणाला नाही. आणि त्या बाईंना उद्याच्या उद्या घेऊन या. त्यांचं काळीज धड आहे ना? मग त्यांचं ऑपरेशन होऊ शकतं. तुमचं होऊ शकत नाही. एवढाच फरक आहे तुमच्या दोघींत, पण तो जन्ममरणाचा आहे."

दोघं घरी आली तेव्हा आक्का सुपात तांदूळ निवडत होती. तिनं वर पाहिलं आणि सूप खाली ठेवलं.

"सांगितलंस."

"व्हय."

"गळ्याला हात लावलातास माझ्या."

"व्हय, आक्का."

"मग आता गळा तुझाच हाय. कवा बी तोड." आणि तिनं पुन्हा खडे वेचायला घेतले.

चन्नाप्पानं हात जोडले, आवाज चढवला, दारात रिक्षा उभी केली. आक्का हलली नाही. "मला काय झालंय? तुझ्या बायकोला बग." आणि त्या दिवसापासून तिनं गौराबाईशी बोलणं टाकलं. भाकरी थापून ताटात वाढायची, पण भिंतीकडं बघून.

गौराबाई तीन गोळ्या गिळू लागली. तिसऱ्या दिवशी पोट ढवळून निघालं, परसाकडं जाऊन जाऊन पायातलं बळ गेलं. डॉक्टर म्हणाले, चांगली खूण आहे. चांगली खूण! ही गोळी म्हणजे पंचवीस वर्षांत तिनं एकटीनं खाल्लेला पहिला जिन्नस.

नवव्या दिवशी दुपारी कोठीतून पोतं पडल्यासारखा आवाज आला. पोतं नव्हतं, आक्का होती. या खेपेची कळ वेगळी होती. तोंडातला बोळा केव्हाच गळून पडला होता, आणि आक्का, जिनं सात वर्षं आवाज फुटू दिला नव्हता, ती "यव्वा, यव्वा" म्हणून आईला हाका मारत होती. गौराबाईच्या हातात जेवणानंतरची गोळी तशीच होती. आक्कानं ती बघितली. आणि अबोला विसरून तळहात पुढं केला.

"आक्का, या गोळीनं कळ थांबत न्हाय वो."

"ठावं हाय."

"मग?"

"दिलीस की जरा धीर येतो."

गौराबाईनं त्या तळहाताकडं पाहिलं. राबून राबून रेषा पुसलेला हात. याच हातानं तिची तिन्ही बाळंतपणं केली होती. तिची बोटं गोळीसकट पुढं झाली. अर्ध्या वाटेवर थांबली. आणि तिनं हात मागं घेतला, गोळी तोंडात टाकली, पाण्यावाचून गिळली. आक्का बघत होती. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. रागापेक्षा वाईट असं काहीतरी होतं, जसं कुणी दार लावून घ्यावं आणि बाहेरच्याला कडीचा आवाज ऐकू यावा.

संध्याकाळपर्यंत आक्काला थंडी भरून आली, आणि डोळ्यांतलं पांढरं हळदीत बुडवल्यासारखं दिसू लागलं. चन्नाप्पानं तिला पोरीसारखी उचलून रिक्षात घातली. आता ती नको म्हणण्याच्या पलीकडं गेली होती.

दवाखान्यात फोटो निघाला. रंगाच्या गोळ्या द्यायची गरजच पडली नाही. साध्या फोटोतच खडे दिसले, जोंधळ्याच्या लाह्यांसारखे पांढरे, एकमेकांना खेटून.

"हे चुन्याचे आहेत," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "चुन्याच्या खड्यावर ती गोळी चालत नाही. तीन तीन खाल्ल्या असत्या तरी जन्मात विरघळले नसते."

गौराबाईनं भिंत धरली. दहा महिने. रोज दीड गोळी. तो सगळा वाटा आक्काच्या पोटातून नुसता वाहून गेला होता. आणि तिचा स्वतःचाही. ना तिला, ना हिला. ते टिपून टिपून ठेवलेले चुऱ्याचे कण तिला आठवले.

"त्यास्नी सांगू नगासा," ती म्हणाली. "एवढं तरी सांगू नगासा."

चार दिवस सलाईन आणि इंजेक्शनं देऊन ताप उतरवला आणि पाचव्या दिवशी सकाळी ऑपरेशन ठरलं. दारापाशी गाडा आला. सिस्टरनं आक्काच्या बांगड्या उतरवल्या, आणि गळ्यातल्या दोऱ्याला हात घातला. दोऱ्यात चांदीची डबी, डबीत लिंग, लिंगायतानं जन्मभर अंगावर वागवायचा देव. आक्का ताडकन उठून बसली.

"त्याला हात लावायचा न्हाय!"

"आजी, आत दोरा, डबी काही चालत नाही. कपाटात ठेवते, परत देते."

"असंच म्हनलेत तवा बी." आक्कानं डबी मुठीत धरली. "माझ्या मालकांचं लिंग काडलं, कापडाच्या गाठोड्यात बांधलं. ते मेलं तवा अंगावर लिंग न्हवतं. तिसऱ्या दिशी गाठोडं सोडलं तर त्यात सदऱ्याबरुबर देव! आमच्यात जित्या मानसाच्या अंगावरनं लिंग काडत न्हाईत, बाई. मी सुरीला भीत न्हाय. मी ह्याला भ्याले, सात वर्सं."

गौराबाईला आज कळलं. सात वर्षं ही बाई पोत्यांआड लोळली, ते मरणाला भिऊन नव्हे. मरताना देव जवळ नसेल म्हणून. ती पुढं झाली आणि डावा तळहात पसरला. लिंगाची पूजा याच तळहातावर होते.

"माझ्याजवळ द्या. तुम्ही भाईर येस्तवर अंगावेगळं हू देनार न्हाय."

"हे शास्त्रात हाय?"

"न्हाय. पर आपल्यात हाय की."

आक्का तिच्याकडं बघत राहिली. पंधरा दिवसांत पहिल्यांदा सरळ तोंडाकडं. "ज्या हातानं आन घिऊन मोडलीस, त्याच हातात मागतीयास." मग तिनं स्वतःच दोरा डोक्यावरून काढला. "भुईला टेकवायचं न्हाय. बाकड्यावर ठेवायचं न्हाय. तू बी बसायचं न्हाय."

"न्हाय बसत."

दार मिटलं. गौराबाई छातीशी तळहात धरून उभी राहिली. जास्त वेळ उभं राहायची तिला बंदी होती. अर्ध्या तासात पावलं सुजली. तासानं दम लागला, कानात पाण्याचा आवाज येऊ लागला. चन्नाप्पा म्हणाला, "बस गं, देवाला कळतंय." तिनं मान हलवली. तिच्या नकळत ओवी सुटत होती, ओठ न हलता,

सुरीच्या वाटंवरी, माझी आक्का गेली चालत
मागं उरला तिचा देव, माझ्या तळव्याशी बोलत

काय बोलत होता तो? ती मेली तर तुझ्या शब्दापायी मेली, एवढंच. पुन्हा पुन्हा एवढंच. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सरकत नव्हता. दुसरा तास भरला तसं तिला भिंत दोन दोन दिसू लागली. चन्नाप्पानं पाठीमागून तिला दोन्ही दंडांना धरून उभं ठेवलं. ती पडली असती, पण बसली नसती.

अडीच तासांनी त्र्यंबक डॉक्टर बाहेर आले. तोंडावरचं फडकं खाली ओढून म्हणाले, "झालं. मोठ्या नळीत एक अडकला होता, तोही काढला. रात्र गेली की बघू. पण बाई चिवट आहे."

गौराबाईला मूठ उघडता येईना. बोटं आखडून गेली होती. चन्नाप्पानं एक एक बोट सोडवलं.

तिसऱ्या दिवशी आक्काला नीट शुद्ध आली. लिंग पहिल्याच दिवशी तिच्या गळ्यात परत गेलं होतं. आता ती त्यावर हात ठेवून छताकडं बघत होती. गौराबाई पेज घेऊन बसली होती.

"घरी गेल्यावर म्हैनाभर बोलनार न्हाय तुझ्याशी," आक्का म्हणाली. आवाज कोरड्या पानासारखा.

"बरं."

"दोन म्हैनं."

"बरं की."

पलीकडच्या खाटेवर कुणीतरी कण्हत होतं.

"आता मला गोळी लागनार न्हाय म्हनत्यात."

"न्हाय लागत."

"माझ्या वाटनीचं कवाच इरघळलं नसतं म्हनं. त्या सिस्टरनं सांगितलं." आक्कानं मान वळवली. "तू सांगू नगा म्हनलीस ते बी सांगितलं, भवानीनं."

गौराबाईनं मान खाली घातली. पेजेवर साय धरत होती.

"किती उरल्यात?"

"साडेतीन बाटल्या."

"पत्र आलं त्या मेव्हन्याचं?"

"अजून न्हाय."

साडेतीन महिने आणि एक वर्ष यांच्यामध्ये जे अंतर होतं, ते दोघींनाही गोळी न मोजता कळत होतं. आक्काच्या डोळ्यांचा पिवळेपणा उतरला होता, पण आता त्यात पाणी होतं.

"आत्ताची घेतलीस?"

"घेते की मागनं."

"मागनं न्हाय. आत्ता."

गौराबाईनं कनवटीची पुडी सोडली, गोळी तोंडात टाकली, पाणी प्याली.

"तोंड उघड," आक्का म्हणाली. "आ कर. जीभ वर घे. हां. आता दुसऱ्या गालाकडनं दाखीव."

गौराबाई, चाळिशीला आलेली, तीन पोरांची आई, खाटेशी वाकून तोंड वासून उभी राहिली. आक्का एका कोपरावर उठायला बघत होती, टाके ताणत होते, तरी ती नीट आत वाकून बघत राहिली.